मँडरिन शिकायला कुठे राहायचं? आधी तुमच्या दुपारचं बघा

वर्ग सकाळी आठ-साडेआठला सुरू होतो आणि बाराच्या आसपास सुटतो. चीनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत परदेशी मुलांच्या भाषेच्या वर्गाचं साधारण हेच टाइमटेबल असतं, तैवानमध्ये तर अनेक ठिकाणी दिवसाला तीनच तास. म्हणजे दुपार, संध्याकाळ, रात्र सगळी तुमची. लोक मला विचारतात बीजिंग चांगलं का शांघाय, तैपेई कसं आहे, अमुक विद्यापीठाचं नाव आहे का, आणि मी सगळ्यांना आधी एकच विचारते, वर्ग सुटल्यावर तुम्ही कुणाशी बोलणार आहात? कारण वर्गातलं पुस्तक सगळीकडे जवळपास सारखंच असतं, ते पुण्यात बसूनही होतं. तिकडे जाऊन जे मिळतं ते दुपारी मिळतं.

मी कर्वेनगरची. आधी शांघायला पाच महिने होते, मग हार्बिनला एक वर्ष, नंतर दोन महिने तैवानमध्ये ताइनानला. आता चाकण-रांजणगाव भागात दुभाषी म्हणून काम करते. शांघायचे पाच महिने बरेचसे वाया गेले आणि त्यात शहराचा काही दोष नव्हता, राहायची जागा चुकली. परदेशी विद्यार्थ्यांचं वेगळं हॉस्टेल, गेटवर गार्ड, आत नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, रशिया, घाना सगळीकडची मुलं, आणि आपापसात बोलायची भाषा इंग्लिश नाहीतर हिंदी. मुलं फार चांगली होती, अजूनही मेसेज येतात. पण दिवसभरात माझं चिनी बोलणं म्हणजे कँटीनमधली दोन वाक्यं आणि खालच्या दुकानातल्या माणसाशी दोन, एवढंच. पाच महिन्यांनी परीक्षेत मार्क चांगले पडले आणि फोनवर टॅक्सीवाल्याला पत्ता सांगता येईना.

पुण्यातलंच बघा ना. बाहेरून आलेला मुलगा हिंजवडीत आयटी पार्कच्या बाजूला दोन वर्षं राहतो, त्याला "किती झाले" आणि "पुढे थांबा" याच्या पुढे मराठी येत नाही. तोच नारायण पेठेत एखाद्या आजींकडे कॉट बेसिसवर राहिला, मेसमध्ये जेवला, तर सहा महिन्यांत आजींशी पाण्याच्या वेळेवरून वाद घालतो. शहर तेच, विद्यापीठ तेच. चीनमध्ये बीजिंगच्या वूदाओकोऊ भागाचं हिंजवडीसारखंच आहे. तिथे भाषा शिकवणारं मोठं विद्यापीठ आहे, १९६२ पासूनचं, शिक्षक उत्तम, पण आजूबाजूला इतके परदेशी विद्यार्थी की कॉफी शॉपवाला तुमचा चेहरा बघूनच इंग्लिशमध्ये सुरू करतो. तिथे ॲडमिशन मिळाली तर जरूर जा, राहायला मात्र मेट्रोची चार-पाच स्टेशनं लांब बघा.

आता उच्चारांचं. चीनची प्रमाण भाषा, म्हणजे आपण शिकतो ती मँडरिन, जिला तिकडे फुथोंगह्वा म्हणतात, ती बीजिंगच्या उच्चारांवर बेतलेली आहे. पण खुद्द बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांत लोक शब्दाच्या शेवटी जीभ वळवून "अर" लावतात, कुठे म्हणजे "नाली" असं पुस्तकात शिकलेलो असतो आणि समोरचा "नार" म्हणतो. सुरुवातीचा महिना त्यात जातो, मग सवय होते. ईशान्येकडची शहरं, हार्बिन, छांगछुन, इथलं बोलणं प्रमाण भाषेच्या अगदी जवळचं. पुस्तकातलं वाक्य आणि भाजीवालीचं वाक्य एकच आहे हे नव्याने शिकणाऱ्याला फार मोठा आधार असतो.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट पथ्यावर पडते, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पिनयिन म्हणजे रोमन लिपीत चिनी लिहायची पद्धत, त्यातली अक्षरं इंग्लिशसारखी वाचली की घोळ होतो. बी म्हणजे आपला प, पी म्हणजे फ (ओठ मिटून, फळातला). डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. झेड म्हणजे चाकातला च, चारमधला नव्हे. तोच चाकातला च हवा सोडून जोरात म्हटला की सी. अमेरिकन मुलं ज्यावर महिनाभर झगडतात ते आपल्या तोंडात जन्मापासून आहे. अडचण येते ती श आणि ष मध्ये. शाळेत पोटफोड्या ष शिकलो पण बोलताना आपण सगळीकडे श च म्हणतो, आणि चिनीमध्ये हे दोन वेगळे ठेवले नाहीत तर शब्दच बदलतो. म्हणून ज्या गावात लोक हे दोन उच्चार स्वच्छ वेगळे करतात तिथे पहिलं वर्ष काढावं असं माझं ठाम मत आहे. सूर, म्हणजे टोन, त्याचंही तेच. "माय" खाली जाऊन वर आला की विकत घेणं, वरून खाली आपटला की विकणं. कान तयार व्हायच्या वयात (भाषेच्या वयात म्हणते मी) स्वच्छ ऐकायला मिळालं पाहिजे.

दक्षिणेकडे आणि सिचुआनमध्ये जीभ वळवून म्हणायचे उच्चार सपाट होतात. छंगदूला मी आठ दिवस फिरायला गेले होते, शहर इतकं सुंदर, बागेतल्या चहाच्या दुकानात बांबूच्या खुर्चीवर एका कपावर दुपारभर बसा, कुणी उठवत नाही, गरम पाणी ओतत राहतात. दुपारच्या हिशेबाने याहून चांगली जागा नाही. पण शेजारी बसलेले आजोबा बोलतात ते सिचुआनी. ती मँडरिनचीच बोली, पण सूर वेगळे, न आणि ल ची अदलाबदल. ज्याची एचएसके (चीनची चिनी भाषेची परीक्षा) चौथी लेव्हल झाली आहे त्याने छंगदूला जावं, तिथे त्याची भाषा मोकळी होईल. कोऱ्या पाटीने गेलात तर पाटीवर दोन-दोन अक्षरं एकावर एक पडतील. शांघायलाही घराघरात वयस्कर लोकांची शांघायनीज चालते, ग्वांगचौला कँटोनीज, त्या तर मँडरिन बोलणाऱ्यालाही कळत नाहीत. तरुण लोक सगळीकडे फुथोंगह्वा बोलतात हे खरं, फक्त तरुणांना तुमच्याशी इंग्लिशची प्रॅक्टिस करायची असते.

म्हणून मी म्हणते की म्हातारी माणसं शोधा. रिटायर्ड लोकांना वेळ असतो, इंग्लिश येत नसतं, आणि एकच गोष्ट चार वेळा सांगायला त्यांना कंटाळा येत नाही. हार्बिनला मी एका रिटायर्ड शिक्षिकेच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेतली होती. खाली कोपऱ्यावर एक बाई फुटपाथवर ढीग लावून फळं विकायची, थंडीत तिकडे फ्रीज लागतच नाही, सगळं उघड्यावर गोठलेलं. त्यात काळीठिक्कर पडलेली पेअर असायची, दगडासारखी टणक. मी चार घेतली आणि विचारलं हे खायचं कसं, तर ती म्हणाली "ह्वान". हा शब्द मी सावकाश या अर्थाने ऐकलेला. मी म्हटलं, सावकाश खायचं? ती हसली नाही, तिने हातातले जाड मोजे काढले, एक पेअर घेतलं, हवेतल्या हवेत वाडग्यात पाणी ओतल्याची खूण केली, "थंड पाणी, गरम नाही" असं दोनदा म्हणाली, मग बोटांनी पेअरभोवती काहीतरी गोल गोल चढत असल्यासारखं दाखवलं. घरी येऊन केलं तसंच. अर्ध्या तासात पेअरच्या बाहेरून बर्फाचं कवच चढलं, पारदर्शक, अंड्याच्या टरफलासारखं, ते टिचकी मारून फोडलं आणि आतलं पेअर मऊ झालेलं. एका टोकाला दात लावून रस ओढून घ्यायचा, थंडगार आणि गोड. शब्द तोच, पण इथे या ह्वानचा अर्थ गोठलेलं हळूहळू मोकळं करणं. आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पुस्तकात हा अर्थ आम्हाला नव्हताच.

थंडीची भीती सगळ्यांना वाटते. आईने तर हार्बिन म्हटल्यावर दोन दिवस जेवण धड घेतलं नाही. जानेवारीत तिथे रात्री उणे २० च्या खाली सहज जातं, हे खरं आहे, पण घरात तुम्ही हाफ टीशर्टवर बसता. चीनमध्ये छिनलिंग डोंगर आणि ह्वाइ नदी अशी एक रेघ मानतात, तिच्या उत्तरेला सरकारी सेंट्रल हीटिंग, भिंतीतल्या पाइपांत गरम पाणी फिरतं. बीजिंगला ते १५ नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतं, हार्बिनला त्याच्याही आधी. रेघेच्या दक्षिणेला असं हीटिंग नाही. म्हणून शांघाय किंवा नानचिंगला बाहेर पाच डिग्री आणि खोलीतही जवळपास तेवढंच, अंथरुणात शिरताना गादी ओली वाटते. मला सगळ्यात जास्त थंडी शांघायच्या खोलीत वाजली. नकाशात खाली आहे म्हणून उबदार, हा हिशेब तिकडे चालत नाही. ज्यांना थंडी झेपतच नाही त्यांच्यासाठी युन्नानमधलं कुनमिंग आहे, साधारण १९०० मीटर उंचीवर, वसंताचं शहर म्हणतात त्याला, आणि हवा खरंच आपल्या पुण्याच्या जुन्या हवेसारखी. स्थानिक बोली आहे, पण खर्च बीजिंग-शांघायपेक्षा खूप कमी आणि माणसं निवांत.

अजून एक गाव सुचवते, शिजियाच्वांग. फॅशनेबल अजिबात नाही, कारखान्यांचं शहर आहे, पण बीजिंगपासून रेल्वेने साधारण २८० किलोमीटर, फास्ट ट्रेनने तास-दीड तास, आणि भाडी आवाक्यात. आणि तिथे आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आहेत, त्यांचा पुतळा, त्यांचं स्मारक. १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला चीनमध्येच वारले, चिनी इतकं चांगलं शिकले की चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत मेडिसिन शिकवायचे. तिकडे त्यांना के दीह्वा म्हणतात. हार्बिनच्या माझ्या घरमालकीणबाईंना मी सांगितलं की के दीह्वा डॉक्टर आमच्या राज्यातले, तर त्यांनी स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन मला समोर बसवलं आणि त्यांच्या शाळेत त्यांनी हे कसं शिकवलं ते तासभर सांगितलं. चीनमधल्या वयस्कर लोकांशी बोलणं सुरू करायला मराठी माणसाला याच्यासारखा दुसरा विषय नाही, विशेषतः हेबेई प्रांतात, शिजियाच्वांग त्यातच येतं.

तैवानबद्दल. पहिला मोठा फरक लिपीचा. चीन, सिंगापूर, मलेशियात सोपी केलेली अक्षरं, तैवानमध्ये जुनी पारंपरिक, जास्त रेघांची. उच्चार लिहायला पिनयिनऐवजी झूयिन, त्याची ३७ चिन्हं, आपल्या बाराखडीसारखी पाठ करायची, दोन आठवड्यांत होतात. परीक्षा वेगळी, टोकफल नावाची. आता तुम्हाला परत येऊन काय करायचं आहे ते बघा. पुण्याजवळ चाकणला सानी आहे, रांजणगावला हायर आहे, असल्या चिनी कंपन्यांत कागदपत्रं, मॅन्युअल, ड्रॉइंग सगळं सोप्या अक्षरात येतं आणि नोकरी देणारे एचएसकेची लेव्हल विचारतात. त्यासाठी चीन बरं पडतं. साहित्य, जुने ग्रंथ, भाषांतर, संशोधन किंवा तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या डोक्यात असतील तर तैवान. पारंपरिक अक्षरं आधी शिकलेल्याला सोपी वाचायला फारसा त्रास होत नाही, उलटं जरा जड जातं, हा माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचा अनुभव.

तैपेईत १९५६ पासून चालू असलेलं नॉर्मल युनिव्हर्सिटीचं (म्हणजे मुळात शिक्षक तयार करणाऱ्या विद्यापीठाचं) भाषा केंद्र आहे, जगभरातले लोक तिथे शिकून गेलेत. पण दुपारचा नियम तिथेही लागू, त्या केंद्राच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत इंग्लिश भरपूर. दक्षिणेला ताइनान, काओशुंग इथे भाडं कमी, ऊन पुण्यासारखं, सगळे स्कूटरवर, त्यामुळे पुणेकराला पहिल्या दिवसापासून घरी आल्यासारखं वाटतं (लायसन्स काढल्याशिवाय चालवू नका). उच्चार मात्र सपाट, चार आणि दहा दोन्ही "स्स" च्या जवळ जातात. ताइनानच्या बाजारात पेरू घेत होते, तिकडे पेरूला आंबट-गोड आलूबुखारची पूड लावून देतात, आपल्या तिखट-मिठासारखी. बाई म्हणाली "स्सस्स". चौदा (दहा-चार) का चाळीस (चार-दहा)? मी तळहातावर सगळी नाणी ठेवून हात पुढे केला, तिने त्यातली दहाची चार नाणी एकेक करून उचलली आणि प्रत्येक नाण्याबरोबर आकडा म्हटला, दहा, वीस, तीस, चाळीस, लहान मुलाला शिकवतात तसा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्याकडेच गेले. शब्दही बदलतात, चीनमध्ये तूदोऊ म्हणजे बटाटा, तैवानमध्ये त्याच शब्दाचा अर्थ शेंगदाणे. कचऱ्याला चीनमध्ये लाजी, तैवानमध्ये लसा. आणि कचऱ्यावरून आठवलं, तैवानमध्ये कचरागाडी गाणं वाजवत येते, अगदी आपल्या घंटागाडीसारखी, आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली उभी असते. ती दहा मिनिटं चुकवू नका. शेजारी कोण, कुणाचा मुलगा कुठे शिकतो, तुमचं लग्न झालंय का, सगळं तिथे विचारतात आणि तुम्हालाही विचारता येतं. म्हणून राहायची जागा बघताना बिल्डिंगमध्ये कचऱ्याची स्वतंत्र खोली आहे का ते विचारा, आणि असेल तर मी म्हणेन दुसरी बघा.

सिंगापूर आणि मलेशियाचं थोडक्यात. सिंगापूरमध्ये १९७९ पासून सरकारने मँडरिन बोला म्हणून मोहीम चालवली, घराघरात ती रुजलीसुद्धा, पण तुमच्या तोंडाकडे बघून समोरचा इंग्लिशच काढणार, आणि राहणं फार महाग. मलेशियात खर्च कमी, तमिळ लोकांमुळे जेवणाचा प्रश्न नाही, चिनी शाळांची परंपरा मोठी, पण पेनांगला रस्त्यावर होक्केन आणि क्वालालंपूरला कँटोनीज ऐकू येते. नोकरीनिमित्त तिथे राहणार असाल तर जरूर शिका. नुसती भाषा शिकायला एवढा खर्च करून जायचं तर मी तिथे जाणार नाही.

जेवणाचं नीट लिहिते कारण घरून पहिला प्रश्न हाच येतो. तैवान शाकाहाऱ्यांसाठी स्वर्ग आहे. पाटीवर "सू" अक्षर शोधा, बऱ्याच दुकानांवर स्वस्तिकही असतं, बौद्ध परंपरेतलं. कडक शाकाहारी ठिकाणी कांदा-लसूणही चालत नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या मुलीला समजावून सांगायची गरजच पडत नाही. दूध-अंडं चालणारं आणि न चालणारं असं पाकिटावर वेगळं लिहिलेलं असतं. चीनमध्ये जरा लक्ष ठेवावं लागतं. "मी मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही, भाजीत डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस किंवा चिकन पावडर असू शकते, त्या तिन्हींची नावं पाठ करून जा आणि ऑर्डर देतानाच नको म्हणा. "वो छ्र सू", मी शाकाहारी, हे वाक्य विमानात बसायच्या आधी तोंडपाठ हवं. ईशान्येला "ती सान श्येन" नावाची भाजी मिळते, बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, तळून रश्शात परतलेली, मी आठवड्यातून तीनदा खायचे. कुनमिंगला शेळीच्या दुधाचं पनीरसारखं रूबिंग मिळतं. ईवू आणि खछ्याओला भारतीय व्यापारी खूप, तिथे पोळी-भाजी सहज मिळेल, आणि दिवसभर हिंदीही. भाषा शिकायला म्हणून ती गावं टाळा, पुढे कामासाठी जाणं होईलच.

पैसे आणि कागदपत्रं. चीनमध्ये खोली घेताना "या ई फू सान" ऐकू येईल, एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. म्हणजे चार महिन्यांचे पैसे पहिल्याच दिवशी हातात हवेत, वर एजंट असेल तर त्याचे वेगळे. तैवानमध्ये दोन महिन्यांचं डिपॉझिट नेहमीचं. तिथे थाओफांग म्हणजे आत बाथरूम असलेली खोली, याफांग म्हणजे बाथरूम शेअर करायची, दुसरी स्वस्त आणि बोलण्याच्या दृष्टीनेही बरी.

व्हिसा चीनचा असेल तर १८० दिवसांच्या आतल्या कोर्सला एक्स २ आणि जास्तीला एक्स १, एक्स १ वर गेलात की तिकडे पोचल्यावर ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटचा अर्ज करायचा. आणि हॉटेल किंवा हॉस्टेल सोडून कुठेही राहिलात तर २४ तासांत जवळच्या पोलीस चौकीत नोंद करावी लागते. हे मी हलक्यात घेतलं होतं. हार्बिनला पहिली खोली ठरवली, पैसे दिले, आणि घरमालक चौकीत यायला तयार होईना, घराचे कागदही देईना. तीन दिवस त्याच्या मागे फिरून शेवटी खोली सोडावी लागली, डिपॉझिटचे निम्मेच परत मिळाले. म्हणून पैसे द्यायच्या आधी एकच विचारा, चौकीत नोंद करून द्याल ना? उत्तर द्यायला वेळ लावला की निघा तिथून. तैवानला व्हिसा वाढवायचा तर आठवड्याला किमान १५ तासांचा कोर्स आणि हजेरी लागते, त्यामुळे पंधराच्या खालचा स्वस्त कोर्स निवडून उपयोग नाही.

स्कॉलरशिपचं एक लक्षात ठेवा. चीन सरकारची किंवा चिनी भाषा शिक्षकांसाठीची स्कॉलरशिप मिळाली तर बहुतेक वेळा हॉस्टेल फुकट असतं, आणि गोची तिथेच होते, फुकटचं सोडून कोण बाहेर भाड्याने राहील? ते सोडा असं मी म्हणणार नाही. हॉस्टेलमध्ये फक्त झोपा. दुपारी एकच्या पुढे बाहेर. बागेत संध्याकाळी बायका घोळक्याने नाचतात, तिथे मागच्या रांगेत उभं राहिलं तर चार दिवसांनी कुणीतरी हात धरून पुढे घेतं. टेबल टेनिस, बुद्धिबळाचे कट्टे, भाजी बाजार, न्हाव्याचं दुकान. रोज त्याच ठिकाणी त्याच वेळी जायचं, ओळख त्याने होते. तैवान सरकारची ह्वायू स्कॉलरशिप रोख मिळते, दोन-तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतची, त्यामुळे तिथे घर निवडायची मोकळीक असते.

जागा पक्की करायच्या आधी नकाशा उघडा आणि विद्यापीठापासून पायी १५ मिनिटांच्या आत काय काय आहे ते बघा, मंडई, बाग, शाळा, दवाखाना. नुसते मॉल, ऑफिसच्या इमारती आणि आठपदरी रस्ते दिसले तर तिथली दुपार ओसाड असणार. मग विद्यापीठाला ईमेल करून विचारा की वर्गात किती मुलं असतात, त्यातली एका देशाची किती, आणि बाहेर राहायची परवानगी आहे का. ज्यांना शक्य आहे त्यांनी सरळ चार आठवड्यांचा उन्हाळी कोर्स आधी करून बघावा, वर्षाचे पैसे भरण्याआधी. आणि एका देशावर सगळं टाकू नका. २०२० मध्ये चीनच्या सीमा बंद झाल्या तेव्हा आपली किती मुलं दोन वर्षांहून जास्त घरी बसून ऑनलाइन शिकली ते आपण पाहिलंय. थेट विमानंसुद्धा २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा सुरू झाली. दुसरा अर्ज तैवानचा करून ठेवायला काय हरकत आहे?

राहता राहिला घरी फोन करायचा प्रश्न, आणि तो छोटा नाही. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब काही चालत नाही, आणि तिकडे सगळे वापरतात ते वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद आहे. म्हणजे आई-बाबांकडे तुमचं ॲप नाही आणि तुमच्याकडे त्यांचं. भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं, पॅक महाग पडतो, म्हणून दिवसातून एक वेळ ठरवा. खर्चासाठी व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपेला जोडून घ्या, यूपीआय विसरा. तैवानमध्ये यातलं काही बंद नाही, फक्त तिकडचे लोक लाइनवर असतात, ते एक डाउनलोड करा.

वेळेचा फरक अडीच तासांचा. तिकडचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे सात, बाबा ऑफिसमधून आलेले असतात, आईचा कुकर लागलेला असतो. तेव्हा करा फोन. दुपारी जेवताना केलात तर पुण्यात सकाळची घाई असते, त्यांना धड बोलता येत नाही, आणि तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या काकू सुनेबद्दल काहीतरी सांगत असतात ते ऐकायचं राहून जातं.